हाजराबी मन्यारणीची साक्ष

"हात ढिल्ला सोड की गं बया. असा लाकडावानी ताठ धरल्यावर काच आत जायची कशी? माज्याकडं बघ. तिकडं उंबऱ्याकडं काय हाय?"

जया उंबऱ्याकडंच बघत राहिली.

"तिला नका लई इचारू, हाजराबी," तिची चुलती सुरेखा चुलीपुढून म्हणाली. "काल तिन्हीसांजंला म्हशीनं दावं हिसकलं, तवापून अशीच बसलीय. तुमी बांगड्या भरा. दोन्ही हात भरा. उद्याच्याला सोयरे यायचेत पोरीला बघायला, हात मोकळे दिसाया नकोत."

हाजराबीनं मान हलवली आणि पोरीचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. मनगटावर काचेचे ओरखडे होते, त्यांतल्या दोन ठिकाणी काच अजून रुतलेली. त्याच्या वर कोपराकडं निळे डाग उमटलेले. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. दाव्याला बोटं नसतात, हे कळायला काही शाळा शिकावी लागत नाही.

हाजराबी सावरदऱ्याची मन्यारीण. जामखेड तालुक्याच्या अगदी कडेला, जिथं डांबरी संपते आणि बाभळी सुरू होतात, तिथलं हे गाव. बांगड्यांचा धंदा तिला सासूकडून आला. नवरा मेल्यावर तिनं गाठोडं खांद्यावर घेतलं ते आजतागायत खाली ठेवलं नाही. घरात दखनी, गावात गावची बोली. निम्म्या गावाला ती मुसलमानाची आहे हे आठवायला ईद यावी लागायची. बारशाला पोरीच्या हातात काळ्या मण्याच्या बांगड्या तीच घालणार, हळदीच्या आदल्या दिवशी हिरवा चुडा तीच भरणार, आणि भरून झाला की पाटलीण असो नाही तर ऊस तोडणारी कोयतेकरीण, वाकून तिच्या पाया पडणार. बाईच्या हाताला हात लावायचा मान गावात नवऱ्याच्या खालोखाल मन्यारणीचा. कुणाच्या हाताला कुठल्या कामाचा घट्टा आहे, कुणाच्या घरी सण कोरडा गेला, कुणाचा नवरा पिऊन आल्यावर काय करतो, हे सगळं तिच्या मांडीवर येऊन पडायचं. आणि ते तिथंच राहायचं. असं राहतं म्हणूनच दारं उघडी राहतात, हे सासूनं तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.

सुरेखा सरपण आणायला मागल्या दारी गेली. तेवढ्यात जयाचे ओठ हलले.

"मावशी, म्हशीनं न्हाई."

हाजराबीनं हात थांबवला नाही. "मंग?"

"कल्यानदादानं. कडब्याच्या गंजीमागं. मी वरडले तर तोंडात ओढणी कोंबली."

कल्याण म्हणजे काकासाहेबांचा पुतण्या. काकासाहेब ऊसतोडीचे मुकादम, गावातल्या निम्म्या नवराबायकोच्या जोड्या त्यांच्या टोळीत. जयाचे आईबाप त्याच टोळीत, राहुरीकडं उसाच्या फडावर गेलेले. पोरगी वयात आली की तिला फडावर न्यायची नाही, हा तिच्या बापाचा, वाल्मिकचा शहाणपणा. फडावर पाचटाची कोपी, कोपीला दार नाही, रात्री कोण आत येईल सांगता येत नाही. म्हणून दाराला कडी असलेल्या घरात, चुलतीजवळ, आपल्या गावात ठेवली. चुलता कंपनीत कामाला, महिन्यातून एकदा यायचा. कल्याण टोळीची राहिलेली माणसं गोळा करायला गावात आला होता. लहानपणापासून जया त्याला राखी बांधायची.

आता हाजराबीनं काय करायला पाहिजे होतं, हे नंतर तिला पुष्कळांनी सांगितलं. फौजदारीणबाईनं सांगितलं, वकिलानं सांगितलं, सुनेनं सांगितलं. त्या वेळी तिनं केलं ते एवढंच: पोरीच्या मनगटात रुतलेल्या काचा चिमटीनं काढल्या, तांब्यातल्या पाण्यानं रक्त धुतलं, खोबरेल चोळलं, आणि दोन्ही हात कोपराच्या दिशेनं जितके भरता येतील तितके हिरव्या बांगड्यांनी भरले, डाग झाकले जातील असे. मग रीतीप्रमाणं जमिनीवरचे तुटके तुकडे फडक्यानं गोळा केले. आदल्या रात्री सुरेखानं गंजीमागून वेचून सुपात आणून ठेवलेले तेही घेतले. फुटकी काच घरात ठेवायची नाही, ती मन्यारणीनंच न्यायची आणि गावाबाहेर टाकायची, ही चाल. जाता जाता तिनं ते फडकं ओढ्यात झटकलं. आपण पोरीवर मायेचं पांघरूण घातलं असं तिला वाटलं. आणि भ्यालीही होती, ते कशाला लपवा.

जया मात्र गप्प बसली नाही. चुलती झोपल्यावर तिनं आईला फोन लावला. वाल्मिक मिळेल त्या ट्रकनं आला आणि पोरीला घेऊन थेट जामखेडला पोलिसात गेला. तोवर पोरीचं अंग धुतलेलं, अंगावरचे कपडे चुलतीनं पाणी उकळून धुऊन तारेवर वाळत घातलेले. डॉक्टरीणबाईनं तपासलं, हातावरचे डाग लिहून घेतले, पण तेही तोवर पिवळे पडत आलेले. कल्याणला धरला, आणि थोड्याच दिवसांनी तो जामिनावर गावात फिरू लागला.

फौजदारीणबाई सावरदऱ्यात हाजराबीच्या ओट्यावर येऊन बसली. तरणी होती, पण कामाची. तिनं सगळं नीट विचारलं, हाजराबीनं सगळं नीट सांगितलं. पोरगी काय बोलली, डाग कसे होते, काच किती खोल रुतली होती.

"आणि ते तुकडे?" बाईनं विचारलं.

"वढ्यात टाकले."

बाईनं लिहिणं थांबवलं. मग म्हणाली, "आजी, त्या काचांवर त्याचंही रक्त असू शकलं असतं. त्याच्या हाताला कापलंय, तो म्हणतो विळ्यानं."

ओढ्याला तेव्हा ढोपरभर पाणी होतं. तरी दोन शिपाई उतरले, चिखलात हात घालून चाचपले. गावानं काठावर उभं राहून बघितलं. निळ्या, लाल, हिरव्या, दहा घरच्या दहा वर्षांच्या काचा निघाल्या. मन्यारणीची तीच जागा ना.

जाताना फौजदारीणबाई म्हणाली, कायद्यानं बाईचा शब्द पुरा धरतात, तो खरा वाटला तर दुसरं काही लागत नाही. पण खरा वाटायला त्याच्या बुडाला टेकू लागतो. इथं टेकू म्हणजे तुम्ही. दुसऱ्या कुणी ते डाग ताजे असताना बघितले नाहीत, आणि जिनं बघितले ती चुलती म्हैसच सांगतेय.

त्यानंतर काकासाहेब आले. एकटेच आले, पायताण ओट्याखाली काढून बसले, पाणी मागून प्याले. शिवी नाही, दम नाही. तिच्या सासूची आठवण काढली, माझ्या आईच्या हातात शेवटपर्यंत तुझ्या सासूनंच चुडा भरला म्हणाले. राहीलचा, तिच्या पोराचा, नगरला सावेडीत रिक्षाचा धंदा कसा चाललाय ते विचारलं. मग उठता उठता मुद्द्यावर आले.

"हाजराबी, तू काय डाक्टर हाईस का? दाव्याचा वळ आन् बोटाचा वळ, तुला काय समजतं? तू आपली म्हन, डाग हुते, कशाचे ठाव न्हाई. खोटं बोलू नको. खोटं बोल म्हनायला मी काय येडा हाय?"

"आन् पोरगी बोलली ते?"

"पोरी लई बोलत्यात. तुला वयानं कमी आयकू येतं."

"मला चांगलं आयकू येतंय, काकासाहेब. तुमी काय म्हनता ते बी आलं."

काकासाहेब हसले. गावात ते नेहमीच हसतमुख. गेले, आणि त्या दिवसापासून एकेक दार बंद होत गेलं. भांडण कुणी काढलं नाही. 'आत्ता नको हाजराबी, हात पिठात हायेत.' 'आत्ता नको, सासूबाई झोपल्यात.' 'आमी आता त्या पल्याष्टिकच्याच घालतो, त्या फुटत न्हाईत.' पोरीबाळी लांबून बघून गल्ली बदलायच्या. संक्रांतीला, जेव्हा गावातल्या सगळ्या बाया हात भरून घेतात, तेव्हा काकासाहेबांच्या घरच्यांनी जामखेडहून दुकानदार बोलावला. तो गाडीभर माल घेऊन पारावर बसला आणि हाजराबीच्या दारावरून बायका हात वाजवत घरी गेल्या. सगळ्यात जास्त तिला हे बोचलं, की त्यांतल्या किती जणींच्या अंगावरचे डाग तिनं आजवर आपल्या काचांखाली झाकले होते. तेव्हा ती भली होती.

उझ्मा, तिची सून, फोनवरून रोज तिची हजेरी घ्यायची. दखनीत जे काय बोलणं व्हायचं त्याचा मतलब एवढा, की अम्मा, आपली या गावात तीनच घरं. पोरगी त्यांची, पोरगा त्यांचा, भाऊकी त्यांची. उद्या ते एक होतील, आणि मध्ये उभी राहिलेली तू तेवढी उरशील. हाजराबी म्हणायची, व्हय, उरीन. मग उझ्मा फोन आपटायची आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या घेतल्या का म्हणून पुन्हा लावायची.

उझ्माचं म्हणणं वर्षाच्या आत खरं ठरलं. जयाचं आधीचं ठरत आलेलं स्थळ मोडलं होतंच. काकासाहेबांनीच दुसरं शोधलं, आष्टीकडचं, पहिली बायको मेलेली, घरी दोन म्हशी, माणूस निर्व्यसनी. वाल्मिकनं सुरुवातीला पारावर उभं राहून काकासाहेबांना आईमाईवरून शिव्या घातल्या होत्या. पुढची दिवाळी झाली, टोळ्या भरायची वेळ आली, आणि वाल्मिक पुन्हा काकासाहेबांच्याच ट्रकमध्ये बसला. जाताना हाजराबी रस्त्यात भेटली तर त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. लग्न कुठल्याशा देवाच्या दारात उरकलं. चुडा कुणी भरला, हाजराबीला कळलं नाही.

बलात्काराच्या केसला कायद्यात तडजोड नाही. म्हणून ती कायद्याबाहेर होते, आणि कोर्टात फक्त केसची तारीख लागते.

ती तारीख उन्हाळ्यात लागली. हाजराबी आदल्या दिवशीच नगरला राहीलकडं आली. सकाळी त्यानं तिला रिक्षातून कोर्टाच्या दारात सोडलं आणि भाड्याला गेला. असल्या केसला दार लावून साक्ष घेतात, तशी घेत होते. हाजराबी व्हरांड्यातल्या बाकावर बसली. दार उघडलं तेव्हा जया बाहेर आली. डोक्यावर पदर, गळ्यात काळी पोत, पोट पुढं आलेलं. तिनं हाजराबीकडं बघितलं आणि न बघितल्यासारखी पुढं गेली.

मागून सरकारी वकीलबाई आल्या, कागदांचा गठ्ठा छातीशी धरून. त्या हाजराबीजवळ वाकल्या आणि हळू आवाजात सांगितलं की पोरगी फितूर झाली. अंधार होता, कोण होतं दिसलं नाही, हाताला म्हशीचं दावं लागलं, फिर्याद बापाच्या सांगण्यावरून दिली. न्यायाधीशांनी तिला समजावून विचारलं, मग खोट्या फिर्यादीबद्दल तंबीही दिली. आता केसमध्ये काही राहिलं नाही. तुमचं नाव यादीत आहे, तेवढं बोलून मोकळ्या व्हा.

काकासाहेब समोरच्या खांबाला टेकून उभे होते. ते जवळ आले. याही वेळी हसतमुखच.

"हाजराबी, आता तुज्या बोलन्यानं काय व्हनार हाय? पोरगीच न्हाई म्हनली. तू बी म्हन, नीट आठवत न्हाई. दुपारच्या गाडीनं माज्यासंगंच चल. उद्यापून गावात फिर, कोन अडवतंय?"

एवढं सोपं होतं ते. तोंडातून एक वाक्य काढायचं आणि सावरदऱ्याची सगळी दारं उघडी. हाजराबीला त्या दारांची लई भूक होती. भूक भाकरीची नव्हे. तेवढं पोरगा पाठवत होता. वर्ष उलटून गेलं, तिच्या मांडीवर गावातला एकही हात आला नव्हता. गावात राहून गावाबाहेर पडल्यासारखं झालं होतं. शिपायानं तिच्या नावाचा पुकारा केला तोपर्यंत ती काय बोलणार हे तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

आत कल्याण पिंजऱ्यात उभा होता, पांढरा शर्ट घालून, नव्या नवऱ्यासारखा. त्यानं तिला बघून हात जोडले. सवयीनंच जोडले असतील. त्या जोडलेल्या हातांकडं बघून हाजराबीचं ठरलं. उजव्या अंगठ्याच्या बुडाला पांढरी रेघ होती, विळ्याची म्हणे.

तिनं सगळं सांगितलं. फौजदारीणबाईला सांगितलं होतं तसंच, न अडखळता. न्यायाधीश थांबवत थांबवत लिहून घेत होते.

मग त्याचा वकील उठला. आवाज चढवला नाही. आजी, जखम तुम्ही धुतलीत? व्हय. तेल तुम्ही लावलंत? व्हय. काचेचे तुकडे तुम्ही नेलेत? व्हय. ओढ्यात तुम्ही टाकलेत? व्हय. पोरीनं एवढी मोठी गोष्ट सांगितली असं तुम्ही म्हणता, आणि तुम्ही काय केलंत?

हाजराबीनं न्यायाधीशांकडं बघितलं.

"सांगा ना आजी. काय केलंत?"

"बांगड्या भरल्या."

"हसून भरल्या की रडून?"

सरकारी वकीलबाईंनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी प्रश्न गाळायला सांगितला. वकील बसला. त्याचं काम झालं होतं. ती बांगड्या भरल्यावर जेवली, झोपली, चार घरं फिरली, कुणापाशी चकार शब्द काढला नाही, हे सगळं कागदावर आलं होतं. जी बाई हे ऐकून असं वागते ती एक तर खोटं बोलते नाही तर तिनं ऐकलंच नाही, असं तो पुढं म्हणणार होता, आणि ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखं होतं. सावरदऱ्यात कुणालाही विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की बाया असंच वागतात. पण सावरदऱ्याला कोण विचारतो.

बाहेर मोटारसायकली लावतात तिथं लिंबाच्या सावलीत जया उभी होती. नवरा रसवंतीवर गेलेला. या वेळी तिनंच हाक मारली.

"मावशी. त्यांचा वकील आत्ता ह्यांच्या कानाला लागला हुता. तुमी बोललात म्हनं सगळं."

"व्हय."

"कशाला?"

"खरं हुतं म्हनून."

"मला ठाव हाय खरं काय हाय ते. ते सांगाया तुमी कशाला पायजेत?" जयाचा आवाज चढला नाही, पण नाकपुड्या फुलल्या होत्या. "लगीन झाल्यापून म्हैस सांगतीय मी. सासूला म्हैस, नवऱ्याला म्हैस, आज जज्जाला बी म्हैस. त्यो माणूस बरा हाय, इचारत न्हाई. आता इचारंल."

"जया, मला वाटलं..."

"बोलायचं हुतं तर त्या दिवशी बोलायचं. चुलतीच्या झिंज्या धरून चौकात न्यायचं, मला जामखेडला न्यायचं. त्या दिवशी तुमी बांगड्या भरल्या आन् उठून गेल्या. मी खिडकीतून बघत हुते, तुमी कुनाला सांगताय का म्हनून."

हाजराबीनं तिच्या हाताकडं हात नेला. जयानं तो मागं घेतला, पदराखाली. नवरा उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन येत होता. ही कोण म्हातारी, असं त्यानं नजरेनं विचारलं. "गावाकडच्या हायेत," जया म्हणाली, आणि ग्लास घेतला.

कल्याण सुटला. निकालाच्या कागदात मन्यारणीची साक्ष भरवशाची धरता येत नाही असं लिहिलं होतं, ते सरकारी वकीलबाईंनी राहीलला फोन करून कळवलं. वर जायचं का, म्हणजे हायकोर्टात, ते सरकार ठरवील, पण आशा धरू नका असंही म्हणाल्या. सावरदऱ्यात पेढे वाटले गेले. सुरेखानं हाजराबीच्या घरी पेढा धाडला नाही. स्वतः आली, रात्र पडल्यावर, ओट्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "मी बी बाईच हाय, हाजराबी."

"व्हय, बघितलं म्या," हाजराबी म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

राहीलनं सावेडीत ये म्हणून धोशा लावला. तिथं फ्लॅटातल्या बायका बांगड्या दुकानात जाऊन घेतात, त्यांच्या दाराला आधी बेल वाजवावी लागते. हाजराबी गेली नाही. तिनं नगरहून नवा माल आणला, माळा करून गाठोड्यात बांधल्या आणि सकाळच्या एसटीनं सावरदऱ्यापासून चार गावं ओलांडून, जिथं तिला कुणी ओळखत नाही अशा एका वस्तीवर उतरली. नाक्यावर पाण्याच्या टाकीजवळ चार बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. तिनं फडकं पसरलं. लांबूनच एकीनं भाव विचारला, दुसरीनं जामखेडच्या बाजारात याहून स्वस्त मिळतात असं सुनावलं. मग बाजारातनंच आन, तिथनं येताना निम्म्या फुटतील, हाजराबीनं जवाब दिला. बाया हसल्या आणि जवळ सरकल्या.

"कुठल्या गावच्या म्हनायच्या तुमी?"

"जामखेडची."

एक दात पडलेली म्हातारी पुढं येऊन बसली. मला काळ्या नको, बारशातल्या पोरींना घालतात तसल्या दिसतात, लाल दाखव, म्हणाली. हाजराबीनं लाल माळ सोडली आणि तिच्या मापाच्या काचा वेगळ्या करायला लागली.